फॅनी हेन्सेल : एका संगीतनिपुण भगिनीचें चरित्र

एकाच आईबापांच्या पोटीं व एकाच गुरूच्या हाताखालीं दोन सारख्या बुद्धीचीं मुलें वाढावीं, आणि पुढें एकाचें नांव देशोदेशीं दुमदुमावें व दुसऱ्याचें घराच्या अंगणापलीकडे जाऊं नये, असा प्रकार इतिहासांत अनेकदां घडलेला आहे. त्यांतील पहिला बहुधा मुलगा असतो व दुसरी मुलगी असते. अशा घरांतील आईबाप दुष्ट असतात किंवा भाऊ मत्सरी असतो, असेंही नाहीं. सर्वांचें त्या मुलीवर प्रेम असतें, तिच्या गुणांचें त्यांना कौतुक असतें, आणि त्या प्रेमाच्या रेशमी धाग्यांनींच तिचे हात बांधले जातात. रेशमाचा धागा तोडावयास लोखंडी साखळीपेक्षां अधिक धैर्य लागतें, कारण तो तोडतांना आपलींच माणसें दुखावतात.

हें ज्या एका चरित्रांत फार स्पष्ट दिसून येतें, तें आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. फॅनी हेन्सेल ही जर्मनींतील एका थोर ज्यू कुळांत जन्मलेली पियानोवादक व संगीतरचनाकार. सुप्रसिद्ध फेलिक्स मेंडेल्सोन याची ही थोरली बहीण. अवघ्या ४१ वर्षांच्या आयुष्यांत तिनें साडेचारशेंहून अधिक रचना केल्या. परंतु तिच्या हयातींत तिच्या स्वतःच्या नांवानें छापल्या गेल्या त्या अगदीं थोड्या, आणि त्याही बहुतेक आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत.

कुलवृत्तान्त

फॅनीचे आजोबा मोझेस मेंडेल्सोन (१७२९–१७८६) हे अठराव्या शतकांतील मोठे तत्त्वज्ञ होते. धर्मग्रंथांच्या नकला करून पोट भरणाऱ्या एका गरीब ज्यूचा हा मुलगा इ. स. १७४३ मध्यें, वयाच्या चौदाव्या वर्षीं, आपल्या गुरूच्या मागोमाग देसाउ गांवाहून बर्लिनला विद्येसाठीं आला. पुढें एका रेशमाच्या कारखानदाराकडे आधीं मुलांचा शिक्षक, नंतर हिशेबनीस आणि अखेर भागीदार अशा पायऱ्या तो चढला. दिवसा हिशेबाच्या वह्या आणि उरल्या वेळांत तत्त्वज्ञान, असा त्याचा क्रम होता. त्याची विद्वत्ता एवढी मान्य झाली कीं, इ. स. १७७१ मध्यें बर्लिनच्या विद्वत्सभेनें त्याची सभासद म्हणून निवड केली. परंतु राजा फ्रेडरिकनें त्या निवडीस मान्यता दिली नाहीं. मोझेस शेवटपर्यंत आपल्या धर्मास चिकटून राहिला. त्याच्या हयात राहिलेल्या सहा अपत्यांपैकीं चौघांनीं मात्र पुढें ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

त्यांतील आब्राहाम हा फॅनीचा पिता. हा सावकारी पेढीचा मालक, व्यवहारचतुर आणि मोठा रसिक गृहस्थ. तो विनोदानें म्हणत असे कीं, पूर्वीं लोक मला माझ्या बापाचा मुलगा म्हणून ओळखत, आतां माझ्या मुलाचा बाप म्हणून ओळखतात. उक्ति मार्मिक खरी. परंतु तींत मुलीला कोठेंच जागा नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

माता लेआ ही बर्लिनमधील धनाढ्य इत्सिग घराण्याची नात. तिची मावशी सारा लेवी ही स्वतः निष्णात वादक असून महान् संगीतकार योहान सेबास्टियन बाख याच्या ज्येष्ठ पुत्राची शिष्या होती. त्यामुळें, जगाला बाखचा जवळजवळ विसर पडला होता त्या काळांतही या कुटुंबांत त्याच्या संगीताची उपासना कुलाचाराप्रमाणें चालू होती.

फॅनीचा जन्म १४ नोव्हेंबर १८०५ रोजीं हॅम्बुर्ग येथें झाला. तान्ह्या मुलीचे हात पाहून, हिचीं बोटें बाखचे फ्यूग वाजविण्यासाठींच घडलीं आहेत, असे उद्गार लेआच्या तोंडून निघाले. फ्यूग म्हणजे अशी रचना कीं, जींत एकच स्वरवाक्य निरनिराळ्या आवाजांनीं एकामागून एक उचलावयाचें व प्रत्येकानें आपल्या वाटेनें चालूनही इतरांशीं जुळून राहावयाचें. ती वाजविण्यास दोन हातांच्या दहा बोटांना दहा स्वतंत्र बुद्धि असाव्या लागतात.

फेलिक्सचा जन्म १८०९ च्या फेब्रुवारींतला. पाठोपाठ रेबेका व पॉल अशीं आणखी दोन मुलें झालीं. हॅम्बुर्ग फ्रेंचांच्या ताब्यांत गेल्यावर इ. स. १८११ मध्यें कुटुंब बर्लिनला आलें. प्रशियांतील ज्यूंना १८१२ मध्यें नागरिकत्व मिळालें. तथापि सरकारी अधिकाराच्या जागा व समाजांतील खरी बरोबरी हीं दूरच राहिलीं. हें ओळखून आब्राहामनें २१ मार्च १८१६ रोजीं चारही मुलांस ख्रिस्ती धर्माची दीक्षा देवविली. योगायोग असा कीं, तो बाखचा जन्मदिवस होता. पतिपत्नींनीं स्वतः मात्र १८२२ मध्यें धर्मांतर केलें, आणि बार्टोल्डी हें ख्रिस्ती वळणाचें आडनांवही घेतलें. मेंडेल्सोन हें नांव धारण करणारा ख्रिस्ती ही अशक्य गोष्ट आहे, असें आब्राहामचें म्हणणें असे. मुलांना तें नवें आडनांव मनापासून रुचलें नाहीं. आपणां सर्वांनाच तें आवडत नाहीं, असें फॅनीनें १८२९ मध्यें भावाला लिहिलें.

या धर्मांतराची वार्ता लेआची आई बेला हिच्यापासून पुष्कळ दिवस लपवून ठेवण्यांत आली होती. ही आजी कट्टर ज्यू. स्वतःचा मुलगा ख्रिस्ती झाला म्हणून तिनें त्याचें नांव टाकलें होतें. फॅनीच्या मुलानें पुढें लिहिलेल्या कुटुंबवृत्तांतांत एक हृद्य हकीकत आहे. लहान फॅनी वरचेवर आजीकडे जाऊन तिला पियानो वाजवून दाखवी. एके दिवशीं तिचें वादन ऐकून आजी इतकी प्रसन्न झाली कीं, तुला काय हवें तें माग, असें म्हणाली. मुलीनें मागितलें तें एवढेंच, कीं मामाला क्षमा कर. आजीचें मन द्रवलें आणि तिनें मुलाला पुन्हां जवळ केलें.

धर्म बदलला तरी जन्म बदलत नाहीं, हें समाज विसरूं देत नसे. लहानपणीं फॅनी व फेलिक्स यांना रस्त्यांतील उनाड पोरांनीं ज्यू म्हणून हिणविल्याचे प्रसंग घडले होते. १८२९ च्या मार्चांत फेलिक्सनें बाखचें विस्मृतींत गेलेलें ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ हें महासंगीत बर्लिनमध्यें पुनः उजेडांत आणलें. त्यांतील गायकवृंदांत फॅनीही होती. ख्रिस्ती जगाचें सर्वांत थोर संगीत त्यास परत देण्यास एक ज्यूचा पोर कारण झाला, असें फेलिक्स आपल्या मित्रास त्या वेळीं म्हणाला, त्याच्या मागें हा सारा अनुभव होता.

शिक्षण आणि वडिलांचें पत्र

बहीणभावांचें शिक्षण बरोबरीनें झालें. पियानोसाठीं लुडविग बेर्गर व रचनाशास्त्रासाठीं कार्ल फ्रीड्रिख त्सेल्टर असे गुरु लाभले. १८२० मध्यें दोघेंही बर्लिनच्या प्रसिद्ध गायनसंस्थेंत, झिंगअकाडेमींत, दाखल झालीं. तत्पूर्वीं १८१८ मध्यें तेरा वर्षांच्या फॅनीनें बाखच्या विख्यात संग्रहांतील २४ प्रेल्यूड एकही पान समोर न ठेवतां वडिलांना म्हणून दाखवावे तसे वाजवून दाखविले होते. १८१९ च्या डिसेंबरांत वडिलांच्या वाढदिवसासाठीं तिनें पहिलें गीत रचलें. फेलिक्स तेव्हां दहा वर्षांचा होता. आरंभींचीं कित्येक वर्षें तो आपली प्रत्येक कल्पना कागदावर उतरविण्यापूर्वीं हिच्यापुढें मांडी व तिचा अभिप्राय घेई. त्सेल्टरनें १८३१ मध्यें कवि गटे यास लिहिलें कीं, फॅनी पुरुषासारखी वाजवते. गुरुजींच्या मतें याहून मोठी प्रशस्ति नव्हती!

परंतु वाटा फुटावयाची वेळ लौकरच आली. १६ जुलै १८२० रोजीं आब्राहामनें पॅरिसहून मुलीला पत्र लिहिलें. त्याचा आशय असा कीं, फेलिक्सला संगीत हा कदाचित् व्यवसाय होईल. तुला मात्र तें केवळ अलंकार म्हणूनच राहूं शकेल व राहिलें पाहिजे, तुझ्या जीवनाचा पाया तें होतां कामा नये. फॅनीचें वय तेव्हां अवघें चौदा. आठ वर्षांनीं तिच्या वाढदिवशीं त्यानेंच पुनः लिहिलें कीं, गृहिणीपद हीच तरुण स्त्रीची खरी व एकमेव वृत्ति असून तिच्यासाठीं तूं आतां अधिक गांभीर्यानें तयार हो.

या पित्यास आपण घाईनें दोष देऊं नये. मुलीच्या शिक्षणावर त्यानें पैसा व लक्ष हीं दोन्ही मुलाच्या बरोबरीनें खर्चिलीं होतीं. त्या काळीं युरोपांत स्त्रिया सभागृहांत पियानो वाजवीत नव्हत्या असेंही नाहीं. क्लारा वीक, म्हणजे पुढें क्लारा शूमन, हिनें बालपणापासून गांवोगांव कार्यक्रम केले. पण क्लारा ही पेशानें संगीतशिक्षक असलेल्या बापाची मुलगी होती. तिच्या वादनावर घर चालणें यांत कोणास वावगें वाटत नसे. श्रीमंत सावकाराच्या मुलीनें तिकीट लावून वाजविणें, किंवा पुस्तकविक्याच्या दुकानांत आपलें नांव टांगणें, हें त्या वर्गाला कमीपणाचें वाटे. शिवाय हें कुटुंब समाजांत नव्यानेंच मान्यता पावत होतें. त्यास लोकांच्या बोटांची धास्ती इतरांहून अधिक. फॅनीला अडवणारी भिंत अशी दुहेरी होती : स्त्रीत्वाची आणि प्रतिष्ठेची.

परिणाम मात्र एकच झाला. फेलिक्स पॅरिस, लंडन, रोम असा हिंडला. त्याच्या रचना छापल्या गेल्या, वाजविल्या गेल्या, त्यांवर टीका झाली, व त्या टीकेनें तो वाढला. फॅनी घरीं राहिली. १८२७ व १८३० सालीं फेलिक्सनें आपल्या गीतांचे दोन संग्रह प्रसिद्ध केले. त्यांत प्रत्येकीं तीन, अशीं एकूण सहा गीतें फॅनीचीं होतीं. नांव मात्र सर्वांवर फेलिक्सचें. यांतून घडलेली एक गंमत प्रसिद्ध आहे. १८४२ च्या जुलैंत फेलिक्स लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यांत राणी व्हिक्टोरियाच्या भेटीस गेला. राणीनें त्याच्या पहिल्या संग्रहांतील आपल्या आवडीचें एक गीत मोठ्या गोडीनें म्हणून दाखविलें. तें होतें ‘इटली’ नांवाचें, आणि तें फॅनीचें होतें. फेलिक्सनें प्रामाणिकपणें तसें कबूल केलें. कबुली देणें फार जड गेलें, असें त्यानें आईस पत्रांत लिहिलें. बहिणीचें गीत राजवाड्यापर्यंत पोंचलें होतें, नांव वाटेंतच राहिलें होतें.

विवाह

विल्हेल्म हेन्सेल नांवाच्या तरुण चित्रकाराशीं फॅनीचा परिचय १८२१ मध्यें झाला. पुढें त्याला राजाश्रयानें चित्रकलेच्या अभ्यासासाठीं पांच वर्षें इटलीस जावयाचें होतें. लेआनें दोघांचा पत्रव्यवहार बंद केला. तेव्हां या चतुर चित्रकारानें पत्रांऐवजीं कुटुंबीयांचीं चित्रें काढून पाठविण्याचा क्रम ठेवला. चित्रांवर बंदी नव्हती! १८२८ मध्यें तो परत आला आणि ३ ऑक्टोबर १८२९ रोजीं विवाह झाला. मंगलप्रसंगाचें संगीत फेलिक्स रचणार होता; परंतु लंडनमध्यें गाडीच्या अपघातांत त्याच्या पायास दुखापत झाली. मग वधूनेंच लग्नाच्या आदल्या रात्रीं बसून ऑर्गनसाठीं रचना पुरी केली. स्वतःच्या विवाहाचें मंगलवाद्य स्वतःच रचणाऱ्या वधू जगांत फारशा झाल्या नसतील.

विल्हेल्मला संगीताचें ज्ञान बेताचेंच होतें. पण पत्नीच्या बुद्धीची योग्यता त्यानें पुरती ओळखली होती. तिनें रचना कराव्या व त्या प्रसिद्धही कराव्या, असा त्याचा शेवटपर्यंत आग्रह होता. तो कविता लिही, ती त्यांना चाल लावी. ती हस्तलिखित सिद्ध करी, तो त्याच्या समासांत चित्रें काढी. १६ जून १८३० रोजीं त्यांस मुलगा झाला. त्याचें नांव सेबास्टियन लुडविग फेलिक्स. पहिलें नांव बाखचें, दुसरें बेथोव्हेनचें व तिसरें भावाचें. आईच्या मनांतील तिन्ही दैवतें एका पाळण्यांत आलीं! १८३२ मध्यें झालेली मुलगी मात्र मृतच जन्मली, व त्यानंतर तें एकच मूल राहिलें.

रविवारचें संगीत

बर्लिनमध्यें लाइप्झिगर रस्त्यावर ३ नंबरचें मोठें घर आब्राहामनें १८२५ मध्यें घेतलें होतें. मागें विस्तीर्ण बाग व बागेंत एक बैठें घर. त्याच्या मधोमध बागेकडे उघडणारें ऐसपैस दालन. विवाहानंतर फॅनी याच बागघरांत राहिली. वडिलांच्या वेळीं येथें रविवारीं सकाळीं संगीताच्या बैठका होत. मध्यंतरीं बंद पडलेल्या त्या बैठका तिनें १८३१ मध्यें पुनः सुरू केल्या व पुढें सोळा वर्षें, मधले खंड सोडल्यास, चालविल्या.

या बैठका म्हणजे चार पाहुण्यांची करमणूक नव्हती. फॅनी स्वतः कार्यक्रम ठरवी, गायकवृंदाच्या तालमी घेई, पियानो वाजवी, प्रसंगीं हातांत छडी घेऊन वृंदाचें संचालनही करी. बाख, ग्लुक, मोझार्ट, बेथोव्हेन यांच्या मोठमोठ्या रचना तेथें होत. फेलिक्सच्या नव्या कृति होत. आणि मधून मधून तिच्या स्वतःच्याही. घर खाजगी, प्रवेशास तिकीट नाहीं, त्यामुळें कुलमर्यादेचा भंग नाहीं. आणि तरीही बर्लिनमधील उत्तम श्रोता तेथें हजर, अशी ही सोय होती. मर्यादेच्या आंत राहून मर्यादा रुंद करण्याची कला या बाईंस साधली होती. १८४४ च्या एका बैठकीचें वर्णन तिनें बहिणीस लिहिलें आहे : अंगणांत २२ गाड्या उभ्या, आणि दालनांत स्वतः लिझ्ट व आठ राजकन्या!

याच दालनाच्या आधारानें तिच्या मोठ्या रचना जन्मास आल्या. १८३१ मध्यें बर्लिनमध्यें पटकीची भयंकर सांथ आली व ओळखीचे अनेक लोक दगावले. ती सांथ ओसरतांच तिनें गायकवृंद, एकल गायक व वाद्यवृंद यांसाठीं बायबलमधील वचनांवर एक दीर्घ रचना केली; ‘पटकीचें संगीत’ या नांवानें ती ओळखली जाते. मृत्यूचें भय, शोक व अखेर ईश्वराचें स्तवन असा तिचा क्रम आहे. १८३४ मध्यें तिनें चार तंतुवाद्यांसाठीं एक चतुष्क रचलें. त्यांतील स्वरांची चाल रूढ सांच्यांत बसत नाहीं, असा दोष फेलिक्सनें काढला. आज जाणते श्रोते त्या मोकळ्या चालीलाच तिचें वैशिष्ट्य मानतात. परंतु त्या वेळीं त्या टीकेनें तिचा हात आंखडला, व तसें चतुष्क तिनें पुनः लिहिलें नाहीं.

भावाची संमति

१८३५ च्या नोव्हेंबरांत आब्राहाम वारला. घरांतील शेवटच्या शब्दाचा अधिकार जणूं फेलिक्सकडे आला. पति म्हणे, प्रसिद्ध कर. भाऊ म्हणे, नको. या ओढाताणीचें वर्णन फॅनीनें स्वतःच १८३६ मध्यें भावाला लिहिलेल्या पत्रांत केलें आहे. दुसऱ्या कोणत्याही बाबतींत पतीचा शब्द आपण मानला असता. संगीताच्या बाबतींत मात्र तुझी संमति नसतां पाऊल टाकणें जड जातें, असा त्याचा भाव आहे. त्याच वर्षीं लंडनमधील एका स्नेह्यास तिनें कळविलें कीं, आपल्या कामाविषयीं कोणी बरें वा वाईट कांहींच बोलेनासें झालें म्हणजे हळूहळू त्यांतील आनंदही जातो आणि त्याची पारख करण्याची शक्तिही जाते. कोणत्याही कलावंताच्या वनवासाचें याहून खरें वर्णन मला तरी ठाऊक नाहीं.

१८३७ मध्यें एका संग्रहांत तिचें एकच गीत तिच्या नांवानें छापलें गेलें. त्याचें स्वागत चांगलें झालें. लेआनें फेलिक्सला गळ घातली कीं, बहिणीस उत्तेजन दे. त्यानें जूनमध्यें उत्तर दिलें. त्याचा मतलब असा : प्रसिद्ध करणें म्हणजे लेखकाचा धंदा पत्करणें, एकामागून एक कृति देत राहण्याची ज्याची तयारी असेल त्यानेंच तो पत्करावा. फॅनीची तशी वृत्ति नाहीं. ती घर सांभाळते, आणि पहिलें कर्तव्य पुरें झाल्याखेरीज तिच्या मनांत लोकांचा किंवा संगीतजगताचा विचार येत नाहीं. तिनें स्वतः ठरविलें तर मी साह्य करीन, पण उत्तेजन देणार नाहीं.

युक्तिवाद सभ्य आहे, प्रेमळही आहे. परंतु त्यांतील मेख पाहावी. एकामागून एक कृति देण्याची शक्ति तिच्यांत नव्हती काय? त्या सुमारास तिच्या कपाटांत शेंकडों रचना पडून होत्या. तिची वृत्ति तशी नाहीं असें जो भाऊ म्हणत होता, त्याच्या वडिलांनीं ती वृत्ति तिच्या चौदाव्या वर्षापासून जाणूनबुजून वळविली होती. आधीं रोपट्यास काठीशीं बांधावें, आणि मग म्हणावें कीं यास बाजूला वाढण्याची हौस नाहीं, असला हा न्याय झाला.

१८३८ च्या फेब्रुवारींत एका धर्मादाय जलशांत ती प्रथमच जाहीर सभागृहांत वाजविण्यास बसली. वाजविली ती रचना फेलिक्सचीच. त्या वेळीं तिचें वय ३२ वर्षांचें होतें.

इटलींतील दिवस

१८३९ च्या उन्हाळ्याअखेर हेन्सेल पतिपत्नी मुलाला घेऊन इटलीस निघालीं व सुमारें वर्षभर तिकडे राहिलीं. ज्या देशावर तिनें तरुणपणीं गीत रचलें होतें, तो देश तिनें वयाच्या चौतिसाव्या वर्षीं प्रथम पाहिला. रोममध्यें फ्रेंच सरकारच्या कलाशाळेंत राहणारे कांहीं तरुण कलावंत तिच्याभोंवतीं जमले. त्यांत पुढें ‘फाउस्ट’ या संगीतनाटकामुळें गाजलेला शार्ल गूनो हा २१ वर्षांचा संगीतकार होता. संध्याकाळच्या संध्याकाळ ते तिच्याकडून बाख व बेथोव्हेन ऐकत बसत. तिच्या अपूर्व स्मरणशक्तीचें व वादनाचें वर्णन गूनोनें वृद्धपणीं आपल्या आठवणींत कृतज्ञतेनें केलें आहे. घरच्या कोणाचीही भीडमुर्वत नसलेल्या परक्या तरुणांनीं तिला एक कलावंत म्हणून मानलें, हें तिच्या आयुष्यांत प्रथमच घडत होतें.

या प्रवासाचें फळ म्हणजे १८४१ मध्यें रचलेली ‘वर्ष’ ही पियानोसाठींची माला. बारा महिन्यांवर बारा रचना व शेवटीं एक समारोप. मार्चमध्यें ईस्टरचें स्तोत्र, डिसेंबरांत नाताळचें, आणि समारोपांत सरत्या वर्षाचें, अशीं जुनीं भजनें तिनें त्यांत गुंफलीं आहेत. तिची सुंदर प्रत तिनें निरनिराळ्या रंगांच्या कागदांवर लिहिली, प्रत्येक महिन्यास एक काव्यपंक्ति दिली व विल्हेल्मनें वर चित्रें काढलीं. पियानोसाठीं वर्षाच्या सर्व महिन्यांवर अशी अखंड माला तत्पूर्वीं क्वचितच कोणी रचली असेल. आणि ही कृति छापली गेली केव्हां? १९८९ मध्यें, म्हणजे रचल्यावर १४८ वर्षांनीं!

चाळिसाव्या वर्षीं

१८४२ मध्यें आई गेली. पुढें चार वर्षांनीं संगीताचा जाणकार असा रॉबर्ट फॉन कॉयडेल हा तरुण स्नेही नियमानें घरीं येऊं लागला. तो तिची प्रत्येक नवी रचना बारकाईनें ऐके व मत देई. त्याच वेळीं बर्लिनच्या दोन प्रकाशकांकडून मागणीही आली. ९ जुलै १८४६ रोजीं फॅनीनें फेलिक्सला लिहिलें कीं, आपण आतां प्रकाशनास आरंभ करीत आहों. चाळिसाव्या वर्षीं आपणांस भावांची भीति वाटते ती चौदाव्या वर्षीं वडिलांची वाटे तशीच. या वेळीं तिनें संमति मागितली नव्हती, निश्चय कळविला होता. फेलिक्सचें उत्तर महिन्यानंतर, १२ ऑगस्टला, आलें. आपल्या धंद्यांत तुझें स्वागत असो, असा त्यानें त्यांत आशीर्वाद दिला होता. मनांतून त्याला तें पूर्णपणें रुचलें नसावें हें तिनें ओळखलें. तरी त्या चार ओळींनीं तिला झालेला आनंद तिच्या रोजनिशींत नमूद आहे.

वर्षभरांत गीतें, पियानोच्या रचना व उघड्या बागेंत म्हणावयाचीं समूहगीतें असे सात संग्रह प्रसिद्धीस गेले. मुखपृष्ठावर नांव होतें : फॅनी हेन्सेल, माहेरची मेंडेल्सोन-बार्टोल्डी. वृत्तपत्रांनीं दखल घेतली. पियानो, व्हायोलिन व चेलो या तीन वाद्यांसाठीं तिनें एक ओजस्वी रचना केली व ११ एप्रिल १८४७ रोजीं बहिणीच्या वाढदिवशीं ती वाजविली. वीस वर्षें साठलेलें पाणी बांध फुटून वाहावें तसे ते दिवस होते.

१३ मे रोजीं तिनें ‘गिरिशिखरावरचा आनंद’ अशा अर्थाचें एक गीत रचलें. दुसऱ्या दिवशीं, शुक्रवारीं, रविवारच्या बैठकीची तालीम चालू होती. फेलिक्सचीच एक मोठी रचना बसविली जात होती व फॅनी पियानोवर होती. एकाएकीं तिच्या हातांतील शक्ति गेली. रक्ताघाताचा झटका होता. त्याच रात्रीं, १४ मे १८४७ रोजीं, तिनें देह ठेवला.

पश्चात्

फ्रँकफुर्टला ही वार्ता पोंचतांच फेलिक्स किंकाळी फोडून कोसळला. त्या उन्हाळ्यांत स्वित्झर्लंडमध्यें त्यानें चार तंतुवाद्यांसाठीं जें शोकमय चतुष्क लिहिलें, तें बहिणीचें श्राद्धच म्हणावें. सप्टेंबरांत तो बर्लिनच्या त्या घरीं गेला व तिची खोली पाहून पुनः खचला. बहिणीच्या आणखी कांहीं रचना प्रसिद्ध व्हाव्या म्हणून त्यानें त्या प्रकाशकाच्या हवालीं केल्या, आणि ४ नोव्हेंबर १८४७ रोजीं, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, तोही तिच्या मागोमाग गेला. बर्लिनच्या एका दफनभूमींत बहीणभावांच्या समाध्या शेजारींशेजारीं आहेत. फॅनीच्या दगडावर तिच्या अखेरच्या गीताचा शेवट स्वरांसह कोरलेला आहे. विल्हेल्मचा चित्रकलेंतील उत्साह त्यानंतर जवळजवळ संपला.

त्यापुढें शंभरांहून अधिक वर्षें फॅनी ही फेलिक्सची बहीण म्हणूनच पुस्तकांत राहिली. त्यांतच नात्सी राजवटीनें १९३३ नंतर मेंडेल्सोन नांवावरच बहिष्कार घातला; १९३६ च्या नोव्हेंबरांत लाइप्झिगमधील फेलिक्सचा पुतळा रातोरात उखडला गेला, आणि १९३८ मध्यें घराण्याची जुनी पेढीही मोडण्यांत आली. बाप्तिस्मा, नवें आडनांव व १२० वर्षांची सेवा, यांपैकीं कशानेंही त्या कुळाचें ज्यूपण त्या द्वेष्ट्यांच्या दृष्टीनें पुसलें गेलें नव्हतें. फॅनीचीं हस्तलिखितें पुढें बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयांत आलीं व १९८० नंतरच्या दशकांत तीं एकामागून एक छापली जाऊं लागलीं. ज्या जागीं रविवारच्या बैठका होत, तेथें आज जर्मनीच्या राज्यसभेची इमारत उभी आहे.

शेवटीं एक गोष्ट सांगून पुरें करितों. १८२८ मध्यें, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, फॅनीनें पियानोसाठीं ‘ईस्टर सोनाटा’ रचला होता. त्याचा उल्लेख तिच्या लिखाणांत होता, पण हस्तलिखित नाहींसें झालेलें. १९७० मध्यें पॅरिसला एक हस्तलिखित सांपडलें. मेंडेल्सोन हें नांव आणि ‘एफ’ हें आद्याक्षर पाहून तें अर्थातच फेलिक्सचें ठरलें. १९७२ मध्यें त्याच्याच नांवानें त्याची ध्वनिमुद्रिकाही निघाली. अँजेला मेस या अमेरिकन संशोधक विदुषीनें २०१० मध्यें तें हस्तलिखित प्रत्यक्ष पाहिलें. अक्षर फॅनीचें होतें. आणि बर्लिनमधील तिच्या एका वहींतून जीं पानें गहाळ होतीं, त्यांच्या आंकड्यांशीं याच्या पानांचे आंकडे तंतोतंत जुळले. ८ मार्च २०१७ रोजीं लंडनमध्यें तो सोनाटा फॅनीच्या नांवानें वाजविला गेला. रचल्यापासून १८९ वर्षें झालीं होतीं.

आपल्या घरांतही कोणी मुलगी गात असेल, चाली बांधीत असेल, वहींत कांहीं लिहीत असेल. तिचें कौतुक आपण करतोंच. पण आल्यागेल्यापुढें दोन चिजा म्हणवून घेणें एवढ्यावरच तें थांबूं नये. तिला जाणता श्रोता मिळवून द्यावा, खरी टीका ऐकूं द्यावी, आणि तिनें केलेल्या कामावर तिचें नांव व तारीख तिच्याच हातानें घालावयास लावावी. फॅनीच्या वहीला पानांचे आंकडे होते म्हणून तिचा सोनाटा तिला परत मिळाला. ज्यांच्या वह्यांना आंकडेही नव्हते, अशा किती जणींचें संगीत आज दुसऱ्यांच्या नांवावर चाललें असेल, तें कोणी सांगावें?